खंड, खरेदी आणि भाडेपट्टा : वीजनिर्मिती आणि महाराष्ट्रातील शेतजमीन

शेतजमिनीवर सौरऊर्जेचा प्रकल्प उभारू देऊन त्याबदल्यात वर्षाला ठरावीक भाडे घेण्याची पद्धत महाराष्ट्रात २०१७ नंतर दिसू लागली आणि २०२३ पासून तिला राज्यव्यापी योजनेचे रूप आले, त्यामुळे ही सर्वस्वी नवी गोष्ट आहे असा समज सहज होतो. प्रत्यक्षात वीजनिर्मितीसाठी शेतकऱ्याची जमीन लागण्याचा इतिहास या प्रदेशात शंभर वर्षांहून जुना आहे, आणि या काळात जमीन शेतकऱ्याच्या हातून कधी सरकारी संपादनाने, कधी खरेदीखताने, तर अलीकडे भाडेपट्ट्याने गेली आहे. या तिन्ही मार्गांनी मिळणारा मोबदला ठरवताना जमीन कोण कसतो याला फारसे महत्त्व नव्हते; सरकारी दप्तरात ती कोणाच्या नावावर आहे, यावरच बहुतेक सारे अवलंबून राहिले. आजच्या भाडेपट्ट्यांचे मूल्यमापन या पार्श्वभूमीवर केले तरच त्यातील लाभ आणि धोका दोन्ही नीट दिसतात.

पाण्यापासून तयार होणारी वीज ही आजच्या व्याख्येनुसार नवीकरणीय, म्हणजे ज्याचा स्रोत वापराने संपत नाही अशी, ऊर्जा होय. सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवून ते कोकणच्या बाजूला खाली सोडायचे आणि त्या उतारावर वीज निर्माण करून मुंबईच्या गिरण्यांना पुरवायची, ही टाटांची योजना १९१५ मध्ये खोपोलीच्या वीजगृहाने प्रत्यक्षात आली. तिचा पुढचा टप्पा मुळशी पेट्यात, नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ ठरला, तेव्हा पाण्याखाली जाणार होती ती आंबेमोहोर पिकवणारी भातखाचरे. ही जमीन मिळवण्यासाठी १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेण्यात आला. या कायद्याच्या सातव्या भागात सरकारने खासगी कंपनीसाठी जमीन संपादन करून देण्याची तरतूद होती. कंपनीला शेतकऱ्याशी सौदा करण्याची गरजच त्यामुळे उरली नाही, कारण किंमत सरकारी अधिकारी ठरवणार होता आणि नकार देण्याचा अधिकार मालकाला नव्हता.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट यांचे नेतृत्व त्याला लाभले आणि या लढ्यातूनच बापटांना 'सेनापती' हे बिरूद मिळाले. तीन वर्षे चाललेला हा लढा अपयशी ठरला, त्याच्या कारणांत एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. मावळातील पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडलेल्या होत्या किंवा त्यांच्या नावावर गेलेल्या होत्या. नांगर मावळ्याचा आणि कागद सावकाराचा, अशा स्थितीत धरण रोखण्यापेक्षा नुकसानभरपाई वाढवून घेण्यात सावकारांचे हित होते, तर मावळ्यांना पैसा नको होता, जमीन हवी होती. लढ्याच्या छावणीतच ही फट पडली आणि ती शेवटपर्यंत बुजली नाही. १९२७ पासून भिऱ्याच्या वीजगृहातून वीज वाहू लागली. जमीन गेलेल्यांना एकरकमी भरपाईपलीकडे त्या विजेच्या उत्पन्नात कोणताही वाटा नव्हता, आणि असा वाटा असू शकतो ही कल्पनाही त्या काळच्या कायद्याला परकी होती.

जमीन कायमची न देता काही मुदतीसाठी कंपनीला देण्याचा मोठा प्रयोग त्याच सुमारास नगर जिल्ह्यात झाला. तो विजेसाठी नसून साखरेसाठी होता, तरी आजच्या भाडेपट्ट्यांच्या संदर्भात त्याचे महत्त्व मुळशीइतकेच आहे. पहिल्या महायुद्धानंतर प्रवरा आणि गोदावरी कालव्यांच्या लाभक्षेत्रात बेलापूर कंपनीसारख्या खासगी साखर कंपन्यांना उसासाठी सलग क्षेत्र हवे होते, आणि ते त्यांनी सरकारच्या मध्यस्थीने शेतकऱ्यांकडून दीर्घ मुदतीच्या खंडाने घेतले. खंड म्हणजे जमीन वापरण्याबद्दल दरवर्षी द्यावयाची ठरलेली रक्कम किंवा धान्य. पीक बुडो वा पिको, ती बदलत नाही, आणि म्हणूनच पिकाच्या वाटणीवर आधारलेल्या बटाईहून ती वेगळी असते. मुदत संपल्यावर जमीन परत मिळेल, ही शेतकऱ्यांची अपेक्षा कराराला धरूनच होती.

मधल्या काळात कायदा बदलला. १९६१ च्या शेतजमीन कमाल मर्यादा कायद्याने एका धारकाकडे किती जमीन असावी याची सीमा ठरवली आणि त्या सीमेपलीकडील जमीन सरकारकडे घेण्याची व्यवस्था केली. साखर कंपन्यांच्या ताब्यातील हजारो एकर क्षेत्र या कायद्याखाली अतिरिक्त ठरले, त्यात खंडाने घेतलेली जमीनही आली, आणि ते सारे १९६३ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य शेती महामंडळाकडे गेले. मोठ्या जमीनदारांना आणि कंपन्यांना आवर घालण्यासाठी केलेल्या कायद्याचा फटका अशा रीतीने दोन-पाच एकर खंडाने दिलेल्या लहान मालकालाही बसला. खंडकरी शेतकरी या नावाने ओळखल्या गेलेल्या या मालकांनी आणि त्यांच्या वारसांनी माधवराव गायकवाड यांच्यासारख्या नेत्यांबरोबर अनेक दशके मोर्चे, निवेदने आणि न्यायालयीन दावे यांचा मार्ग चोखाळला, आणि जमिनी परत मिळण्यास प्रत्यक्ष सुरुवात झाली ती एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात. जमीन देणारी पिढी तोवर हयात नव्हती. श्रीरामपूर-कोपरगाव परिसरात लांब मुदतीच्या कराराकडे आजही संशयाने पाहिले जात असेल, तर त्याला अडाणीपणा म्हणणे हा इतिहासाचाच अडाणीपणा ठरेल.

जमीन दुसऱ्याला कसायला देण्याची भीती राज्यभर पसरण्याचे कारण मात्र वेगळे होते. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याने, ज्याला बोलीत कुळकायदा म्हणतात, कसणाऱ्या कुळाला संरक्षण दिले आणि पुढील दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरवून त्या दिवशी जमीन कसत असलेल्या कुळाला तिचा मालक मानले. मराठवाडा आणि विदर्भ यांचे कायदे वेगळे असले तरी त्यांची दिशा हीच होती. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने हे पाऊल मोठेच होते, आणि मुळशीत जो अन्याय दिसला त्याचे ते एका अर्थाने उत्तर होते. पण त्याचा एक परिणाम असा झाला की जमीन लेखी कराराने खंडाने देणे जवळजवळ थांबले. व्यवहार तोंडी होऊ लागले आणि सातबारा उताऱ्यावरील पीकपाहणीच्या रकान्यात, म्हणजे कोणत्या हंगामात कोणते पीक कोणी घेतले याची तलाठी जेथे नोंद करत असे तेथे, दुसऱ्याचे नाव लागू नये याची मालक डोळ्यांत तेल घालून काळजी घेऊ लागले. कुळकायद्याने मिळालेल्या जमिनींवरही बंधन आले: कलम ४३ नुसार त्या जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून विकता वा भाड्याने देता येत नव्हत्या. वतने खालसा झाल्यावर मूळ वतनदारांना परत दिलेल्या जमिनींची गतही अशीच होती. सातबारावर 'भोगवटादार वर्ग २' असा शेरा असलेल्या जमिनींच्या मालकांना पुढे वीज कंपन्यांशी व्यवहार करणे इतरांपेक्षा जड गेले, त्याचे मूळ येथे आहे.

वाऱ्यापासून वीज मिळवण्याचे प्रयोग भारतात ऐंशीच्या दशकात सुरू झाले आणि महाराष्ट्रात त्यासाठी प्रथम कोकण किनाऱ्यावरील देवगडची निवड झाली. ॲना मणी यांच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या देशव्यापी वाऱ्याच्या मोजणीने कोणत्या ठिकाणी पवनचक्क्या चालतील हे हळूहळू स्पष्ट होत गेले. सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी, ठोसेघर आणि पाटण तालुक्यातील वनकुसवडे ही पठारे त्यातून पुढे आली. समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच असलेल्या या जांभ्या दगडाच्या पठारांना स्थानिक लोक सडा म्हणतात. पावसाळ्यात थोडी नाचणी-वरी, एरवी गुरांची चराई, एवढाच त्यांचा उपयोग होता, आणि महसुली दप्तरात त्यातील मोठा भाग पोटखराबा म्हणून, म्हणजे लागवडीस अयोग्य आणि म्हणून आकारणीतून वगळलेला भाग म्हणून, नोंदलेला होता. जो वारा पीक उभे राहू देत नव्हता, त्याच वाऱ्याने या पोटखराब्याला गिऱ्हाईक आणले.

हे गिऱ्हाईक १९९९-२००० च्या सुमारास का आले, याची कारणे वाऱ्यात कमी आणि करकायद्यात अधिक सापडतात. पवनचक्कीच्या किमतीवर सुरुवातीला पहिल्याच वर्षी १०० टक्के, आणि पुढे ८० टक्के, घसारा दाखवण्याची मुभा आयकर कायद्याने दिली होती. घसारा म्हणजे यंत्राची झीज म्हणून नफ्यातून वजा करायची रक्कम. ती पहिल्याच वर्षी जवळजवळ पूर्ण वजा करता आली की नफ्यात असलेल्या कंपनीचा कर मोठ्या प्रमाणात वाचतो. राज्य सरकारने विक्रीकरातही सवलत दिली. त्यामुळे विजेशी एरवी संबंध नसलेले उद्योग पवनचक्क्यांचे मालक झाले. बजाज ऑटोसारख्या वाहननिर्मात्या कंपनीने सातारच्या पठारावर गुंतवणूक केली ती याच काळात. पुण्याच्या सुझलॉनसारख्या कंपन्या जागा शोधणे, जमीन मिळवणे, यंत्र उभारणे आणि नंतर त्याची देखभाल करणे हे सगळे एकत्र करून देत, म्हणजे गुंतवणूकदाराला पठार पाहण्याचीही गरज नसे. आर्थिक वर्ष संपण्याच्या आत पाते फिरले पाहिजे, एवढीच त्याची निकड असे.

अशा घाईत जमीन भाड्याने घेण्यापेक्षा विकत घेणे सोयीचे होते. कंपनीला शेतजमीन विकत घेणे पूर्वी अवघड होते, कारण कुळकायद्याच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्याला ती घेता येत नसे. परंतु १९९४ च्या दुरुस्तीने खऱ्याखुऱ्या औद्योगिक वापरासाठी ही अट सैल करण्यात आली. सड्यावरील एकेका गटाच्या सातबारावर भावकीतील अनेक नावे असत आणि त्यांतील कित्येक जण मुंबईत माथाडी किंवा गिरणी कामगार म्हणून राहत. गावात आणि मुंबईत फिरून सह्या गोळा करणारा दलाल हा या व्यवहारातील अटळ दुवा ठरला. विकणाऱ्याच्या दृष्टीने ज्या जमिनीला कालपर्यंत कोणी विचारत नव्हते तिची किंमत मिळत होती, तेव्हा त्याने ती घेतली यात नवल नाही. तरीही हा सौदा तोट्याचाच म्हणावा लागतो. पवनचक्कीच्या पायाला आणि रस्त्याला लागणारी जागा थोडी असते, उरलेल्या जमिनीवर शेती किंवा चराई चालू राहू शकते, आणि म्हणूनच अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात आयोवासारख्या राज्यांतील शेतकऱ्यांनी जमीन न विकता प्रत्येक पवनचक्कीमागे वार्षिक भाडे घेण्याचा मार्ग धरला. डेन्मार्कमध्ये तर गावकऱ्यांनी सहकारी पद्धतीने पवनचक्क्यांची मालकीच घेतली. सहकारी साखर कारखाने आणि दूध संघ उभारणाऱ्या महाराष्ट्रात, त्यातही सातारा-सांगलीत, वाऱ्याच्या बाबतीत सहकाराचा विचार जोर धरू शकला नाही, ही या इतिहासातील सर्वांत चटका लावणारी बाब आहे. त्याचे एक कारण उघड आहे: करसवलतीवर चालणारा धंदा, ज्याला आयकर भरावा लागत नाही त्या शेतकऱ्याच्या उपयोगाचा नव्हता.

धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेल परिसरात, पवनचक्क्या पोहोचल्या तेव्हा प्रश्नाला आणखी एक पदर आला. तेथील डोंगरउतारावर वनखात्याची जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसणारे आदिवासी होते आणि त्यांच्याजवळ कोणताही उतारा नव्हता. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यांच्या कसवणुकीला मान्यता देण्याचा मार्ग काढला, पण दावे निकाली निघण्यापूर्वीच प्रकल्पांसाठी जमीन दिली गेल्याचा आक्षेप घेऊन तेथे आंदोलने झाली. मुळशीचा पेच सत्तर-ऐंशी वर्षांनी येथे पुन्हा दिसतो, फक्त सावकाराच्या जागी वनखाते होते.

सौरऊर्जेचे गणित वाऱ्यापेक्षा मुळातच वेगळे आहे. एका मेगावॅटसाठी साधारण चार ते पाच एकर जमीन लागते आणि ती जवळजवळ पूर्ण व्यापली जाते, म्हणून शेती चालू ठेवून वरकड उत्पन्न मिळवण्याचा पर्याय येथे सहजी उपलब्ध नाही. २०१० च्या राष्ट्रीय सौर अभियानानंतर महानिर्मिती या राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीने साक्रीजवळ शिवाजीनगर येथे १२५ मेगावॅटचा प्रकल्प २०१३ मध्ये उभारला. त्याच जिल्ह्यात दोंडाईचाजवळ आधी औष्णिक वीज प्रकल्पासाठी सुरू झालेले भूसंपादन पुढे सौर प्रकल्पासाठी वळवण्यात आले, आणि त्यात विखरण येथील धर्मा पाटील या वृद्ध शेतकऱ्याची सुमारे पाच एकर जमीन गेली. आंब्याच्या बागेचा आणि विहिरीचा नीट हिशेब न धरता आपल्याला सुमारे चार लाख रुपयेच मिळाले, तर शेजाऱ्यांना कितीतरी अधिक, ही त्यांची तक्रार होती. २२ जानेवारी २०१८ रोजी त्यांनी मंत्रालयात विष घेतले आणि २८ जानेवारीला त्यांचे निधन झाले. सौरऊर्जेसाठी जमीन मिळवण्याचा संपादन हा मार्ग राजकीयदृष्ट्या किती महाग पडतो, याचा धडा सरकारला या घटनेने दिला.

पर्यायाची सुरुवात त्याआधीच झाली होती. १४ जून २०१७ च्या शासन निर्णयाने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना जाहीर झाली आणि राळेगणसिद्धी व यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी ही तिची पहिली प्रायोगिक गावे ठरली. कृषी वाहिनी म्हणजे उपकेंद्रापासून फक्त शेतीपंपांना वीज नेणारी स्वतंत्र तार. शेतीला आठवड्यातून आलटून-पालटून दिवसा आणि रात्री वीज मिळते, आणि रात्रीच्या पाळीत सापाचे किंवा बिबट्याचे भय मनात ठेवून पाणी देत बसावे लागते. दिवसा तयार होणारी सौरवीज त्या वाहिनीवर सोडली तर हा त्रास टळतो, आणि शेतीपंपांच्या विजेचा वितरण कंपनीवर पडणारा भारही कमी होतो. केंद्राच्या २०१९ च्या पीएम-कुसुम योजनेने शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीवर ५०० किलोवॅट ते २ मेगावॅटचा प्रकल्प स्वतः उभारण्याचीही मुभा दिली, आणि भाडे एकराप्रमाणे किंवा तयार होणाऱ्या युनिटप्रमाणे ठरवता येईल असे म्हटले. युनिटमागे वाटा घेण्याची ही तरतूद कागदावर राहिली तरी विचार म्हणून ती मोलाची आहे.

मे २०२३ मध्ये आलेल्या योजनेच्या दुसऱ्या आवृत्तीने भाड्याचा दर निश्चित केला: हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये किंवा जमिनीच्या शासकीय मूल्यदराच्या ६ टक्के, यांपैकी जे अधिक असेल ते, आणि पायाभूत दरावर दरवर्षी ३ टक्क्यांची सरळ वाढ. एकरी सुमारे ५०,००० रुपये म्हणजे कोरडवाहू सोयाबीन-कापसाच्या निव्वळ उत्पन्नाशी तुलना करता चांगली रक्कम आहे, आणि ती पाऊस, बाजारभाव, कीड यांच्यावर अवलंबून नाही. तथापि 'सरळ वाढ' या दोन शब्दांकडे लक्ष द्यावे लागते. ही वाढ चक्रवाढ नसून दरवर्षी ३,७५० रुपयांची ठरीव भर आहे, म्हणून पंचविसाव्या वर्षी भाडे २,१५,००० रुपये होते. महागाई सरासरी ५ टक्के धरली तर पहिल्या वर्षीच्या १,२५,००० रुपयांची खरेदीशक्ती टिकवण्यासाठी त्या वर्षी चार लाखांहून थोडे अधिक लागतील. जमीन देणाऱ्याचे उत्पन्न आकड्यात वाढत आणि किमतीत घटत जाणार आहे. बागायती जमिनीच्या मालकाने करावा असा हा सौदा नाही. हलक्या, पाण्याविना पडून असलेल्या जमिनीच्या मालकाला मात्र तो परवडतो.

कोणाची जमीन घेतली जाईल हे मातीच्या कसावर ठरत नाही, उपकेंद्राच्या अंतरावर ठरते. खासगी जमीन वीज उपकेंद्रापासून सुमारे पाच किलोमीटरच्या आत आणि किमान तीन एकर असावी लागते. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार राज्यातील सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर, म्हणजे तीन एकरांहून किंचित अधिक आहे. म्हणजे सरासरी शेतकऱ्याने भाग घ्यायचा तर त्याला आपली जवळपास सगळी जमीन द्यावी लागते. शिवाय पहिली पसंती सरकारी जमिनीला आहे, आणि गावोगावी सरकारी जमीन म्हणजे बहुतेक वेळा गायरान, गुरांच्या चराईसाठी राखलेली सार्वजनिक जमीन. मराठवाड्यात याच गायरानांवर भूमिहीन दलित कुटुंबे अनेक दशके शेती करत आली आहेत. १४ एप्रिल १९९० पूर्वीच्या अशा कसवणुका नियमित करण्याचे धोरण सरकारने स्वीकारले होते, पण अनेकांच्या नावे उतारे निघालेच नाहीत. त्या जमिनीवर सौर प्रकल्प आला तर भाड्याचा प्रश्न उद्भवत नाही, कारण कागदोपत्री तेथे कोणी नसतेच. ग्रामपंचायतीला मिळणारे प्रोत्साहन अनुदान कसणाऱ्याच्या घरी पोहोचत नाही.

वीज प्रकल्पांमुळे ग्रामीण भागात येणाऱ्या पैशाभोवती गुन्हेगारीही जमा झाली. बीड जिल्ह्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी झालेली हत्या पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीशी जोडलेली असल्याचा तपासयंत्रणेचा आरोप आहे. 

संपादनात आणि खरेदीत जे गमावले जात होते ते नाव भाडेपट्ट्यात मालकाच्या सातबारावर टिकते, एवढ्यापुरती ही पद्धत आधीच्या दोन्हींपेक्षा निःसंशय चांगली आहे. पण तिचा आधार शासन निर्णय आणि खासगी करार एवढाच आहे. निती आयोगासाठी तयार झालेल्या २०१६ च्या शेतजमीन भाडेपट्टा नमुना कायद्याचा विषयही शेती आणि शेतीपूरक व्यवसायांपुरताच होता. सौर भाडेपट्ट्याची मुदत, भाड्याची महागाईशी सांगड, कंपनी बदलल्यास किंवा बुडाल्यास थकबाकीची हमी आणि मुदतीअंती पॅनेल व काँक्रीट काढून जमीन पूर्ववत करून देण्याची जबाबदारी या गोष्टी विधिमंडळाने कायद्यात आणल्या पाहिजेत, कारण खंडकऱ्यांची जमीन कराराने गेली नव्हती, कराराच्या मुदतीत बदललेल्या कायद्याने गेली होती. तोपर्यंत जमीन देणाऱ्याने निदान एवढे करावे: एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा दुय्यम निबंधकाकडे नोंदवणे १९०८ च्या नोंदणी कायद्याने बंधनकारक आहे, तो नोंदवून त्याची प्रत आपल्याजवळ ठेवावी, आणि सातबाराच्या 'इतर हक्क' या रकान्यात त्याची नोंद मुदतीसह झाली आहे की नाही हे स्वतः तपासून घ्यावे.